घरच्या अंगणातील मोटार

पाबळ हे नाव उच्चारले की पुणेकर माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्याने मस्तानीची समाधी येते. पुण्याहून साठ-सत्तर किलोमीटरांवर, शिरूर तालुक्याच्या अवर्षणी टापूत वसलेले हे गाव. बाजीराव पेशव्यांच्या पाठोपाठ १७४० साली मस्तानी निवर्तली आणि येथेच विसावली. इतिहासाची हौस असणारी मंडळी तेथवर जातात, फुले वाहतात, आणि परत फिरतात. आज आम्ही श्रोत्यांना त्याच गावी नेणार आहोत. परंतु समाधीपाशी न थांबता गावातल्या एका कर्मशाळेच्या दारात नेऊन उभे करणार आहोत. आमच्या आजच्या विषयाची गुरुकिल्ली त्या कर्मशाळेत आहे, असे आम्हांस वाटते.

विषय आहे घरी बांधलेल्या मोटारीचा. इंग्लंडात गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे एक प्रघात आहे. एखादा कारकून, एखादा शाळामास्तर, एखादा सुतार मोटारीचे सुटे भाग पेट्यांतून विकत आणतो, जुन्या गाडीचे इंजिन मिळवतो, आणि वर्ष-दोन वर्षे रविवारच्या रविवार घाम गाळून आपल्या घराच्या आवारात दोन माणसांची एक चपळ मोटार उभी करतो. पुढे तीत आपल्या मनाप्रमाणे फेरफार करतो. कुणी म्हणेल, हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा छंद. आपल्याला त्याचे काय? आमचे म्हणणे असे, की हा छंद मुळात श्रीमंतांचा नव्हताच. आणि आपल्याकडे तो रुजला नाही याचे कारण आपल्या हातांत कसब नव्हते, हेही खरे नाही. ते कारण शोधणे हाच या निबंधाचा हेतू होय.

प्रथम आपल्या घरचीच गोष्ट पाहू. आपल्या खेड्यांतली बैलगाडी काही कारखान्यातून येत नसे. शेतकरी बाभळीचे लाकूड जोखून घेई; सुतार त्यातून तुंबा आणि आरे घडवी; लोहार लोखंडी धाव तापवून लाल करी, चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. थंड होताना धाव आवळली जाई आणि सारे आरे जागच्या जागी घट्ट बसत. वाहन शेतकऱ्याच्या मापाचे, त्याच्या जमिनीला आणि त्याच्या बैलांना साजेल असे होई. ते बिघडले तर ज्याने केले तोच दुरुस्त करी. वाहन करणारा आणि वाहन वापरणारा यांच्यामध्ये फार तर गावच्या एका गल्लीचे अंतर असे. मोटार आली आणि हे अंतर एकदम समुद्राएवढे झाले.

तरीही एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या देशात 'तयार' झालेल्या पहिल्या मोटारी पेट्यांतून आलेल्या सुट्या भागांच्याच होत्या. १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत जुळणीचा कारखाना घातला. जहाजातून पेट्या उतरत, कामगार त्या फोडत, भागाला भाग जोडत, आणि दुसऱ्या टोकाने मोटार बाहेर पडे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, तिचीही सुरुवात परदेशी गाड्यांच्या जुळणीनेच झाली. महिंद्रांच्या जीपगाड्याही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत अशाच जुळवल्या जात. म्हणजे सुटे भाग आणून मोटार जोडणे ही गोष्ट मराठी कामगाराच्या हातांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. पुढे १९५३ साली सरकारने ठरवले, की ज्यांना केवळ जुळणी करावयाची आहे, हळूहळू सगळे भाग येथे बनवावयाचे नाहीत, त्यांनी गाशा गुंडाळावा. परदेशी कंपन्या निघून गेल्या. देशी कारखानदारीच्या दृष्टीने ते धोरण समजण्यासारखे होते. परंतु जे कसब कारखान्याच्या फाटकाआड होते ते फाटकाआडच राहिले. अंगणापर्यंत पोहोचले नाही.

आता इंग्लंडात त्याच सुमारास काय घडत होते ते पाहा. १९४८ साली कॉलिन चॅपमन नावाच्या एका तरुण अभियंत्याने ऑस्टिन सेव्हन ही जुनी, स्वस्तातली मोटार घेतली आणि आपल्या वाग्दत्त वधूच्या वडिलांच्या घरामागील गाडीखान्यात ती उघडून तिच्यातून शर्यतीची गाडी बनवली. तीच पहिली लोटस. पुढे १९५७ साली त्याने 'लोटस सेव्हन' विकायला काढली. तयार मोटारीवर तेव्हा इंग्लंडात खरेदी-कर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. म्हणून ही गाडी बहुतांशी सुट्या भागांच्या रूपानेच विकली गेली. जोडणी कशी करावी याची पुस्तिका सोबत दिली तर कर लागेल, असा नियम होता म्हणे. तेव्हा कंपनीने गाडी 'खोलावी कशी' याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकाने ती शेवटापासून उलटी वाचावी, अशी सोय केली! ही कथा तिकडे मोठ्या चवीने सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिचे मर्म खरे आहे. एका कराच्या फटीतून हजारो माणसे मोटार बांधावयास शिकली.

त्या मोटारीची रचना समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढे पाबळला आपल्याला तिची भेट पुन्हा व्हावयाची आहे. लोखंडाच्या चार नळ्यांची एक चौकट करा आणि तिच्या कोपऱ्यावर जोर द्या. चौकट तिरपी होईल. आता तिच्यात एक कर्ण घाला. दोन त्रिकोण झाले. आता कितीही ढकला, नळी वाकल्याखेरीज किंवा सांधा तुटल्याखेरीज आकार बदलणार नाही. चार बाजू त्याच राहूनही चौकोनाचा आकार बदलू शकतो. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचे कोनही ठरून जातात. शाळेत भूमितीच्या तासाला आपण हे शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. बारीक नळ्यांचे असे त्रिकोण एकमेकांना जोडत गेले की इंजिन, माणसे आणि चाके यांचा भार पेलणारा, पण वजनाला हलका सांगाडा उभा राहतो. आपली जुनी अँबॅसडर अकराशे किलोच्या घरात जाई. लोटस सेव्हन तिच्या निम्म्याहूनही कमी. वजन निम्मे झाले की लहानसे इंजिनही वाऱ्यासारखे पळवते, ब्रेकवरचा भार उतरतो, टायर कमी झिजतात. या गाडीच्या वेगाचे रहस्य हलकेपणात होते, आणि तो हलकेपणा भूमितीतून आला होता.

१९७३ च्या एप्रिलात खरेदी-कर गेला, त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला, आणि ती फट बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या पेढीला दिले. कराची सवलत गेली तरी छंद मात्र मेला नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे एक पुस्तक आले. अडीचशे पौंडांत स्वतःची मोटार कशी बांधावी, हे त्यात सांगितले होते. एक इंच चौरस पोलादी नळी, जुन्या फोर्डचे भाग, आणि वेल्डिंगचे यंत्र, एवढीच सामग्री. हे चॅम्पियन आउंडल या गावच्या शाळेशी संबंधित होते. त्या शाळेचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८९२ ते १९२२ या काळात तेथे सँडरसन नावाचे मुख्याध्यापक होते. त्यांनी शाळेत कर्मशाळा उभारल्या आणि मुलांना वर्गाइतकेच तेथेही शिकू दिले. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने त्यांचे चरित्र लिहिले, यावरून त्यांची थोरवी कळावी. ज्या शाळेत हात आणि डोके एकत्र शिकतात, तिच्या परिसरातून असे पुस्तक यावे, हा केवळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. चॅपमनने आपली पहिली लोटस बांधली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९४९ साली, इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी आपली पहिली छोटी मोटार तयार केली. शंकररावांचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. मोटार बांधण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिले नाही. ते त्यांनी स्वतःच मिळवले. या दोन माणसांच्या गाडीचे नाव त्यांनी 'मीरा' ठेवले. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार असावी, हा त्यांचा ध्यास. एक नमुना झाला की त्यातले दोष पाहावयाचे आणि दुसरा करावयाचा, असे वीस वर्षांहून अधिक काळ चालले. स्प्रिंगांच्या जागी रबराचा उपयोग करून त्यांनी सुट्या भागांची संख्या कमी केली. १९७० च्या सुमाराचा शेवटचा नमुना बारा हजार रुपयांच्या आसपास देता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

मीरेचा कारखाना मात्र कधीच उभा राहिला नाही. १९५१ च्या उद्योग कायद्याने मोटारी बनवण्यास सरकारी परवाना आवश्यक केला होता, आणि तो मोजक्या कंपन्यांच्याच हाती होता. प्रवासी मोटारींना या परवान्यातून मोकळीक मिळाली ती १९९३ साली. तोवर मीरेची कथा ही जुन्या छायाचित्रांची आणि हळहळीची गोष्ट होऊन बसली होती. येथे आम्ही कुणा एका व्यक्तीला दोष देत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. चॅपमनने एक गाडी केली, मग दोन केल्या, मग दहा. त्याला एकदम कारखानदार व्हावे लागले नाही. शंकररावांपुढे एक नमुना आणि मोठा कारखाना, या दोहोंच्या मधली पायरीच नव्हती. जिना चढणाऱ्याच्या पायांत बळ होते. जिन्यालाच मधल्या पायऱ्या नव्हत्या.

या मधल्या पायऱ्या घालण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांच्यापैकी एक म्हणजे डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग. आता आपण पाबळच्या कर्मशाळेत शिरत आहोत. डॉ. कलबागांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवली. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ शास्त्रज्ञ म्हणून काम केले. आणि निवृत्त होऊन आरामखुर्चीत बसण्याऐवजी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्यातील भारतीय शिक्षण संस्थेचे हे एक केंद्र. गाव मुद्दाम असे निवडले, की जेथे पाऊस तुटपुंजा आणि साधने तोकडी. येथे जे जमेल ते महाराष्ट्रात कोठेही जमेल, असा त्यामागचा विचार असावा.

येथले शिक्षण चार विभागांत चाले: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. शाळेत नापास झालेली, मध्येच शाळा सोडलेली मुलेही येथे येत. त्यांना प्रथम व्याख्या पाठ करावयास लावीत नसत. गावाला ज्या कामाची गरज आहे ते काम हाती घ्यावयाचे, त्याचे माप काढावयाचे, खर्च मांडावयाचा, ते करून द्यावयाचे आणि त्याचे पैसे घ्यावयाचे. शास्त्र त्या ओघात यावयाचे. गांधीजींच्या नयी तालीमशी याचे नाते उघड आहे. तेथे सूत हे शिक्षणाचे माध्यम होते. येथे त्याच्या जोडीला वेल्डिंग, विजेची जोडणी आणि भूजलाचा शोध घेणारे विद्युतरोध-मापक यंत्रही आले.

याच कर्मशाळेत 'पाबळ डोम' जन्मास आला. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण एकमेकांना जोडून केलेले घुमटाकार घर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव भागांतली दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर असे हलके, न ढासळणारे घुमट तेथे उभारले गेले. श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच. लोटसच्या सांगाड्यातला आणि पाबळच्या घुमटातला त्रिकोण एकच आहे. एकाने शर्यत जिंकली, दुसऱ्याने डोक्यावर सुरक्षित छप्पर दिले. हत्यारेही तीच: माप घेण्याची पट्टी, गुण्या, करवत, कानस आणि वेल्डिंगचे यंत्र. ज्या मुलाने घुमटाचा त्रिकोण बिनचूक जोडला, त्याला मोटारीचा सांगाडा परका वाटण्याचे कारण नाही.

पाबळच्या मुलांनी शर्यतीची मोटार बांधली नाही. कारण गावाला तिची गरज नव्हती. त्यांनी बांधला तो छोटा ट्रॅक्टर, 'मेकबुल' म्हणजे यांत्रिक बैल. जुन्या जीपचे भाग आणि एक डिझेल इंजिन यांच्या मेळातून हा बैल उभा राहिला. मोठा ट्रॅक्टर ज्याच्या तुकड्यात वळत नाही आणि खिशात बसत नाही, अशा लहान शेतकऱ्यासाठी तो होता. या बैलाची आणि लोटसची कूळकथा एकच आहे. जुन्या गाडीतले जे चांगले ते घ्यावयाचे, नवा सांगाडा आपल्या गरजेप्रमाणे करावयाचा, आणि चालवून पाहून सुधारावयाचे. फरक इतकाच की तिकडे गतीसाठी सारे मांडले जाते, इकडे ओढीसाठी. शर्यतीच्या गाडीला वजन नको असते; ट्रॅक्टरला मात्र मागच्या चाकांवर पुरेसा भार हवा, नाहीतर नांगर मातीत अडकतो आणि चाक जागीच फिरते. वजन कोठे हवे आणि कोठे नको, हे ज्याने स्वतः चुकून शिकले, तो ते जन्मात विसरत नाही.

२००२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.चे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला 'फॅब लॅब' सुरू झाली. संगणकाने चालणारी लहान यंत्रे वापरून हवी ती वस्तू आपणच घडवावी, अशी ही प्रयोगशाळा; एम.आय.टी.च्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांत पाबळची गणना होते. दुधाची प्रत तपासणे आणि डिझेल इंजिन कमी इंधनात नीट चालेल असे जुळवणे, ही तिच्यापुढची आरंभीची कामे होती. गावातल्या डेअरीचे दूध आणि शेतावरचे इंजिन! पुढल्याच वर्षी, २००३ साली, डॉ. कलबाग निवर्तले. त्यांचे काम त्यांच्या शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुढे नेले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कोणीही उठावे, भंगारातून गाडी जोडावी आणि रस्त्यावर आणावी, हे कसे चालेल? कच्चा सांधा निखळला, ब्रेक लागला नाही, तर मरणारा दुसराच कोणीतरी असेल. आम्ही या आक्षेपाची थट्टा करणार नाही. आपल्याकडे 'जुगाड' या शब्दाचे अलीकडे फार कौतुक चालते. आम्हांस ते पटत नाही. कसे तरी चालते करणे निराळे आणि मापून, जोखून, हिशेब मांडून करणे निराळे. पाबळची शिकवण दुसऱ्या प्रकारची आहे. हातात कानस आहे म्हणून फूटपट्टी फेकून द्यावी, असे कलबागांनी कधी शिकवले नाही.

आपला कायदा या बाबतीत कडक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणे नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्थांपैकी दोन आपल्या जवळच आहेत: पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय., आणि अहिल्यानगरची, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरची, वाहन संशोधन संस्था. परंतु ही सारी व्यवस्था कारखानदाराच्या मापाने बेतलेली आहे. लाख गाड्या विकणाऱ्याला एका नमुन्याच्या तपासणीचा खर्च जाणवत नाही. एकच गाडी करणाऱ्याला तो गाडीहून भारी पडतो. फेरफाराचेही तसेच. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, यांचा इत्यर्थ हाच, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही.

इंग्लंडने काय केले? रस्ते मोकळे सोडले नाहीत. १९९८ पासून घरी बांधलेल्या गाड्यांना एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी लागू केली, आणि २००९ पासून ती आणखी काटेकोर केली. गाडी घेऊन या. आम्ही ब्रेक, दिवे, सुकाणू, कडा-कोपरे, धूर सारे पाहू. उतरली तर क्रमांक देऊ, नाही तर दोषांची यादी देऊ. म्हणजे परीक्षा कडक, पण एकट्या विद्यार्थ्यालाही बसता येईल अशी. आपल्याकडे बाहेरून परीक्षेला बसणाऱ्याची सोय शिक्षणात आहे; वाहनांत मात्र एकुलती एक उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक नाही.

याचा प्रत्यय अगदी अलीकडे आला. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग आणि दुचाकीचे इंजिन घेऊन साठ हजारांच्या आसपास खर्चात एक चिमुकली जीप बांधली; स्कूटरसारखी लाथ मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिची जाहीर वाखाणणी केली, आणि त्याच वेळी सांगितले की ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. त्यापेक्षा मी बदल्यात बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये ती अदलाबदल झाली. देणाऱ्याचे औदार्य खरे, घेणाऱ्याचा आनंदही खरा. तरीपण आमच्या मनात एक रुखरुख राहते. त्या गाडीला बक्षीस मिळाले, परीक्षा मिळाली नाही. तिच्यात चांगले काय होते, उणे काय होते, कोणता सांधा बदलला असता तर ती रस्त्यावर चालण्याजोगी झाली असती, हे तपासून सांगण्याची सोय आपल्या व्यवस्थेत नाही.

आशेला जागा आहे. २००७ पासून मध्य प्रदेशात पिथमपूरला अभियांत्रिकी महाविद्यालयांची 'बाहा' स्पर्धा सुरू झाली. तीत विद्यार्थी स्वतः बांधलेल्या नळ्यांच्या गाड्या आणतात. तज्ज्ञ त्या तपासतात. उतरलेली गाडी मैदानात धावते, नापास झालेली परत जाते. पुण्याची मुले त्यासाठी नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांचे उंबरे झिजवतात. म्हणजे एकेक गाडी तपासणे आपल्याला अशक्य नाही. महाविद्यालयाच्या कुंपणात आपण ते करतोच. प्रश्न आहे तो कुंपणाबाहेरच्या माणसाचा, इचलकरंजीच्या सातवी शिकलेल्याचा, देवराष्ट्र्याच्या लोहाराचा, पाबळच्या नापास मुलाचा.

सुतार चाक घडवी आणि लोहार धाव चढवी तेव्हा गाडीची परीक्षा घेणारा सारा गाव असे. वाकडे चाक चार दिवसांत उघडे पडे. मोटारीच्या युगात ती परीक्षा गावाच्या हातून सुटली, हे अपरिहार्यच होते. ती पुन्हा कोणीतरी हाती घ्यावयास हवी, कडकपणे, पण एकट्या माणसालाही दार उघडे ठेवून. पुढच्या खेपेस श्रोते मस्तानीच्या समाधीच्या दर्शनाला पाबळला जातील, तेव्हा त्यांनी घटकाभर त्या कर्मशाळेतही डोकवावे, आणि तेथल्या एखाद्या मुलाला विचारावे की चौकटीत कर्ण का घालावयाचा. तो उत्तर तोंडाने सांगणार नाही. हाताने ढकलून दाखवील.